शालिग्रामच्या दुधाचा फेस

संशय घेण्यात शालिग्रामचा हात धरील असा माणूस त्या गावात दुसरा नव्हता. कोणी वाकून नमस्कार केला तर तो आधी आपल्या चपला जागेवर आहेत का ते बघायचा. पाव्हणा जेवण झकास झालं म्हणाला की याला वाटायचं, आता हा काहीतरी मागणार. कारंज्याहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्याची वाडी होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि गोठ्यात चांदी नावाची एकच म्हैस. भाजीला कोणी नावं ठेवली तर तो एकवेळ ऐकून घेई. चांदीच्या दुधाबद्दल मात्र कोणी ब्र काढलेला त्याला खपत नसे. गावातली पाच-सहा घरं, मारुतीचा पुजारी आणि फाट्यावरचं उदयसिंगचं चहाचं दुकान, एवढ्यांना त्याचं दूध जायचं. त्या दुधात पाण्याचा थेंब नसतो ही त्याची गावातली एकमेव कीर्ती होती. दुसरी कमवायला त्याला सवड मिळाली नव्हती.

अशा माणसाच्या घरी त्याची मुलगी वैभवी पुण्याहून एक यंत्र घेऊन आली. तिथं ती एका कॉफीच्या दुकानात कामाला होती. दुकान बंद पडलं, तेव्हा मालकानं जुनं यंत्र तिला देऊन टाकलं. कारंज्यात कॉलेजच्या रस्त्याला आपलं छोटंसं दुकान टाकायचं आणि तोवर घरी हात बसवायचा, असं तिनं ठरवलं होतं. शालिग्रामनं ओट्यावरच्या यंत्राकडं डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून पाहिलं.

"फुकट देल्लं?"

"हो बाबा."

"मंग बिघडलेलं असन."

यंत्र बिघडलेलं नव्हतं. वैभवीनं बिया दळल्या, दळण चिमटीत घेऊन चोळून पाहिलं, दांड्याच्या वाटीत भरून वरून दाबलं आणि दांडा यंत्राला अडकवला. यंत्र घुमायला लागलं तसा शालिग्राम दोन पावलं मागं सरकला. पहिली धार भसकन आली. वैभवीनं चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि कप सरळ मोरीत ओतला.

"दळण जाड झालं. जाड झालं की पानी थांबत नाही, कॉफी आंबट निघते."

दुसऱ्या खेपेला नुसतं थेंब थेंब पडत राहिलं. तेही मोरीत गेलं. "आता लयच बारीक झालं. ही कडू झाली." पुन्हा दळण, पुन्हा दाबणं. या खेपेला मधासारखी बारीक, सलग धार लागली, वर तपकिरी साय धरली, तेव्हा कुठं पोरीचा चेहरा खुलला. तिनं कप बापापुढं धरला. कपाच्या बुडाशी दोन घोट होते.

"बाकीची कुठं गेली?" शालिग्रामनं विचारलं.

"एवढीच असते बाबा. एस्प्रेसो म्हनतात याले."

"येवढाल्या मशीनीतून एवढीशी?" त्यानं वाकून यंत्राच्या मागं नजर टाकली. उरलेली कॉफी तिथं कुठं जमा होताना दिसली नाही, म्हणून नाइलाजानं घोट घेतला. कडुनिंबाचा पाला चावल्यासारखं त्याचं तोंड झालं. लोक हे आपणहून पितात यावर त्याचा विश्वास बसेना. पुण्यात पोरीला कोणीतरी चांगलंच बनवलं, असं तो त्या दिवशी बायकोला म्हणाला. प्रयागबाई बोलण्यापेक्षा ऐकून घेणारी बाई. तिनं तव्यावरची भाकर उलटली.

होता होता शालिग्रामला त्या वासाची सवय झाली. सकाळी यंत्र घुमलं नाही तर तो उगाच स्वयंपाकघरात डोकावून जायचा. सगळं ठीक चाललं होतं, आणि ठीक चाललं की याचा जीव टांगणीला लागायचा. एका दुपारी तो वांग्याचे देठ नि मेथीच्या काड्या खताच्या खड्ड्यात टाकायला गेला. तिथं काड्यांच्या खाली, लहान घडी करून दडवलेली, दुधाची रिकामी पिशवी त्याला सापडली.

हलवायाच्या घरी दुसऱ्याच्या दुकानातला पेढा यावा तसलाच प्रकार हा. ज्या घराच्या गोठ्यात चांदी उभी, त्या घरात पिशवीचं दूध! शालिग्रामनं आधी चारी दिशांना पाहिलं, पिशवी खिशात कोंबली, घरात आला आणि दार लोटून घेतलं.

"हे काय होय?"

वैभवीनं पिशवी ओळखली. "बाबा, मी सांगनारच होती."

"कोनाले? साऱ्या गावाले?"

"तुमालेच. आपल्या दुधाचा फेस टिकत नाही बाबा. माहाच हात चुकते म्हनून मी रोज करून पायत होती. शेवटी एक पिशवी आनून पाह्यली."

शालिग्राम ऐकून घेणारा नव्हता, म्हणून तिनं त्याला डोळ्यांनीच दाखवलं. दोन सारखी भांडी घेतली. एकात फ्रिजमधलं चांदीचं दूध, दुसऱ्यात पिशवीचं. यंत्राच्या बाजूला वाफेची नळी होती. ती दुधात धरली की चर्र आवाज होऊन दूध तापायचं आणि फुगायचं. पिशवीचं दूध फुगलं, गुळगुळीत झालं, भिंतीला लावायच्या ओल्या चुन्यासारखं चमकलं. कॉफीवर ओतल्यावर त्याचं पांढरं पान उमटलं आणि उमटलेलं राहिलं. चांदीच्या दुधाला मोठमोठे बुडबुडे आले, साबणाच्या पाण्याला येतात तसे, आणि बघता बघता बसले. कपात खाली पातळ तांबूस पाणी राहिलं.

"मशीन खोटं दाखवते," शालिग्राम म्हणाला.

"मशीनले काय पडलं हाय बाबा?" वैभवी चाचरली, पण म्हणाली. "आपल्या दुधात पानी हाय."

कोणी भर चौकात थोबाडीत दिली असती तरी शालिग्रामला एवढं लागलं नसतं. कारण हे बोलणं त्यानं याआधी एकदा ऐकलं होतं, आणि तेही सख्ख्या भावाच्या तोंडून. पंजाबराव त्याचा मोठा भाऊ. वाटणीच्या वेळी बांधावरून वाद झाला, तेव्हा पंचांसमोर पंजाबराव म्हणाला होता, "शालिग्रामच्या बोलन्यात अन् दुधात, दोन्हीत पानी असते." त्या दिवसापासून दोन्ही घरांच्या मधे भिंत उभी राहिली आणि भाऊ भावाशी बोलला नाही. यंदा दिवाळीनंतर पंजाबरावला लकवा मारला, अर्धं अंग गेलं. सारा गाव बघून आला. शालिग्राम गेला नाही. सोंग असेल, बांधाची मोजणी टाळायची असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. आता दुधात पाणी आहे हे गावाला कळलं तर तो लुळा पडलेला माणूस खरा ठरणार होता, आणि आपण इतकी वर्षं ज्या गोष्टीवर मान ताठ ठेवली तीच खोटी ठरणार होती. या विचारानं शालिग्रामला जेवण गोड लागेना.

तेव्हा चोर शोधणं भाग होतं. त्यानं आधी चांदीच्या ढेपेवर संशय घेतला. मग हौदातल्या पाण्यावर घेतला. म्हैस जास्त पाणी पिते म्हणून दूध पातळ होतं का, हे त्यानं गुरांच्या डॉक्टरला फोन करून विचारलं, आणि डॉक्टर हसला तेव्हा डॉक्टरवरही घेतला. शेवटी त्याची नजर मदनसिंगवर जाऊन थांबली.

मदनसिंग शेजारच्या वाडीतला. थंडीत शालिग्रामच्या बोटांच्या पेरांत कळ बसली आणि त्याला दूध काढणं जमेना, तेव्हा हा आपणहून म्हणाला होता, मी काढून देतो, घरी जाताना तांब्याभर ताक देत जा. दोन्ही वेळा तो यायचा, दूध काढायचा, बादली ओसरीवर प्रयागबाईकडं द्यायचा. ती दूध गाळून भगोन्यात ओतायची, घरचं काढून ठेवायची आणि बाकीचं किटलीत भरायची. मग मदनसिंगच मोटारसायकलवर किटली घेऊन दूध वाटायला जायचा. तांब्याभर ताकावर कोणी राबतं का, हा प्रश्न शालिग्रामला इतके दिवस पडला नाही याचंच त्याला आता नवल वाटलं.

तो रोज बाज उचलून गोठ्यात आणू लागला आणि मदनसिंगच्या पाठीमागं बसू लागला. त्याच्या बाह्यांकडं बघायचा. त्याच्या पाण्याच्या बाटलीत सकाळी किती पाणी होतं आणि नंतर किती उरलं हे बघायचा. एकदा तर त्यानं मदनसिंगला डोक्याचा रुमाल सोडायला लावला.

"काय सापडलं गा शालिकभाऊ?" मदनसिंगनं हसून विचारलं.

"काही नाही. गोचीड दिसली होती."

काही म्हणता काही सापडत नव्हतं आणि फेस काही टिकत नव्हता. दुसरा कोणी असता तर त्यानं मदनसिंगवरचा संशय सोडून दिला असता. शालिग्रामचं उलटं. काहीच सापडत नाही याचा अर्थ मदनसिंग पक्का आहे, असा त्यानं काढला. आणि एका सकाळी उदयसिंगच्या दुकानात चहा पिताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "ज्याच्या हाती बादली देल्ली, त्यानंच पानी मारलं." बोलून गेल्यावर त्याला वाटलं, आजूबाजूला पाहून बोलायला हवं होतं. पण दुकानात चार माणसं होती आणि चौघांना कान होते.

संध्याकाळी मदनसिंग नेहमीच्या वेळेला आला. त्यानं चांदीच्या पाठीवरून हात फिरवला, दूध काढलं, बादली ओसरीवर नेऊन दिली, हात धुतले आणि मग शालिग्रामसमोर उभा राहिला.

"तुमी माह्यं नाव घेतलं म्हनतात."

"नाव नाही घेतलं."

"बादली मीच धरतो ना? मंग नाव कायले पाह्यजे?" मदनसिंगचा आवाज चढला नाही. "शनिवारी मारुतीच्या पारावर या. मी बेलभंडार उचलतो. कर नाही त्याले डर कायची? पन मी एकटाच नाही उचलनार. हे दूध ज्याच्या ज्याच्या हाताखालून जाते, त्या सगळ्यायनं उचलायचा. तुमी, मी, वहिनी. शनिवारपर्यंत दूध काढून देतो. म्हशीनं काही गुन्हा नाही केला."

बेलभंडार म्हणजे देवासमोरची शपथ. बेलाचं पान आणि हळदीची चिमूट हातात घेऊन बोललेलं खोटं घराण्याला बुडवतं, असं गावात लहान-मोठे सगळे मानत. शालिग्राम मनातून खूश झाला. चोर आपल्या पायानं चालत फासात आला, असं त्याला वाटलं. फक्त शपथेवर अवलंबून राहायची त्याची तयारी नव्हती. त्याला पुरावा हवा होता. पारावर बल्बसाठी वीज होतीच. तिथं यंत्र मांडायचं, साऱ्या गावासमोर मदनसिंगच्या बादलीतलं दूध फुगवायचं, बुडबुडे बसताना दाखवायचे, दूध का दूध आणि पानी का पानी.

"मले फेस काढायले शिकव," तो वैभवीला म्हणाला.

वैभवीला वाटलं बापाला कॉफीची गोडी लागली. तिनं मन लावून शिकवलं. दूध थंड पाहिजे. भांडं थोडं कलतं धरायचं. नळीचं तोंड दुधाच्या अगदी वरच्या थराला लावायचं, म्हणजे नवं कापड फाडल्यासारखा आवाज येतो. तेवढ्यात हवा आत जाते. मग नळी खाली न्यायची म्हणजे दूध भोवऱ्यासारखं फिरतं आणि मोठे बुडबुडे मोडतात. भांड्याला लावलेला तळवा पोळायला लागला की वाफ बंद. शालिग्रामनं पहिल्यांदा सगळं दूध सदऱ्यावर उडवून घेतलं. दुसऱ्यांदा उकळून टाकलं. पण आयुष्यभर म्हशीच्या धारेचा आवाज ऐकून बादली किती भरली ते सांगणारा माणूस तो. आवाज कानात बसल्यावर त्याला जमायला लागलं. पिशवीच्या दुधाचा त्यानं असा फेस काढला की वैभवी बघत राहिली.

मग त्यानं पुराव्याचं काम हाती घेतलं. मदनसिंगनं सकाळी बादली ओसरीवर ठेवली आणि तो हात धुवायला वळला, तेवढ्यात शालिग्रामनं बादलीतून पेलाभर दूध काढून घेतलं. नंतर प्रयागबाईनं गाळून ठेवलेल्या भगोन्यातून दुसरा पेला घेतला. दोन्ही फ्रिजमध्ये गार केले. दुपारी घरात कोणी नसताना तो यंत्रापाशी उभा राहिला.

बादलीतलं दूध फुगलं. गुळगुळीत, चमकदार, पिशवीपेक्षाही दाट. त्यानं बोटानं टोचलं तरी फेस हलला नाही. त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. त्यानं दुसरा पेला घेतला. बुडबुडे आले आणि बसले.  बादली ओसरीवर ठेवल्यापासून भगोनं भरेपर्यंत त्या दुधाला तिसऱ्या कोणाचा हात लागत नव्हता. काखेत कळसा म्हणतात तो हा. सगळ्या गावावर संशय घेऊन झाला होता, आणि ज्या माणसावर त्यानं लग्न झाल्यापासून एकदाही घेतला नव्हता, तेवढं एकच माणूस उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वांगी तोडायला जातो म्हणून तो निघाला आणि घराला वळसा घालून तुराट्यांच्या गंजीमागं बसला. मदनसिंग बादली देऊन मोटारसायकल काढायला गेला. प्रयागबाईनं दूध गाळलं. पितळी गडवा भरून घेतला, पदराखाली धरला आणि मधल्या भिंतीपाशी गेली. पलीकडून दोन हात वर आले. हात धुरपताबाईचे होते, पंजाबरावच्या बायकोचे.

"काल पुरी वाटी गेली वं पोटात," धुरपताबाई भिंतीपलीकडून म्हणाली. "चमच्या-चमच्यानं देल्ली. तुह्या दुधाबिगर दुसरं काहीच उतरत नाही त्यायच्या घशाखाली. पिशवीचं देल्लं तर थुकून देतात."

"उद्याही आनते बाई," प्रयागबाई म्हणाली.

परत येऊन तिनं रांजणातून तेवढंच पाणी काढलं, भगोन्यात ओतलं, पळीनं हलवलं. तिच्या हाताला ना घाई होती ना भीती. रोजचं काम होतं ते.

शालिग्रामला उठून ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कोणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि तिनं पाणी का टाकलं, हेही त्याला तिथं बसल्या बसल्या कळलं. रोज भगोन्यात बोट बुडवून दूध कोणत्या पेरापर्यंत आलं ते बघणारा तो स्वतःच होता. एक पेर कमी भरलं असतं तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. त्याला बायकोचा राग आला, भावाचा आला. आणि भाऊ चमच्यानं दूध पितो हे आपल्याला भिंतीआडून कळावं, याची या दोन्हींपेक्षा जास्त लाज वाटली. सोंग करणारा माणूस वाटीभर दुधासाठी दिवस काढत नाही.   शनिवार दुसऱ्या दिवशीच होता.

पारावर अर्धा गाव जमला होता. वैभवीनं विचारलं, मशीन आणायचं ना? शालिग्राम म्हणाला, नको, राहू दे. पुजाऱ्यानं ताटात बेलाची पानं आणि भंडारा ठेवला. मदनसिंगनं चपला काढल्या, पान उचललं, मारुतीकडं तोंड करून म्हणाला, "या दुधात म्या थेंबभर पानी टाकलं असन तर माह्यं वाटोळं होईन." त्यानं पान पायरीवर ठेवलं आणि बाजूला झाला.

"आता वहिनी," उदयसिंग म्हणाला.

प्रयागबाई पदर सावरत पुढं आली. शालिग्रामनं तिच्या हाताकडं पाहिलं. काल सकाळी सहज पाणी ओतणारा तो हात आता पदर सोडत नव्हता. खोटं बोलली तर तिच्या मनात घर बुडालं, खरं बोलली तर नवऱ्याच्या दुधाची चोरी तिनं साऱ्या गावासमोर कबूल केली. तिनं ताटाकडं हात नेला. बोटं पानाला लागली.

"थांब," शालिग्राम म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"पानी म्या टाकलं."

 उदयसिंगनंच विचारलं, "तुमी? मंग मदनसिंगवर काहून ढकललं?"

"चूक झाली." शालिग्रामनं मदनसिंगसमोर हात जोडले. आयुष्यात त्यानं कोणासमोर हात जोडले असतील तर ते बहुतेक पंचांसमोर, आणि तेही रागानं.

मागून कोणीतरी म्हणालं, "पंजाबरावनं तं पयलेच सांगतलं होतं." लोक हसले. शालिग्रामनं ते हसणं पूर्ण होऊ दिलं. मदनसिंग त्याच्याकडं बघत होता, मग पदरात तोंड घालून उभ्या असलेल्या प्रयागबाईकडं बघायला लागला. काय समजला कोण जाणे. "उद्यापासून तुमची म्हैस तुमी पाहा," एवढंच म्हणून तो चपला घालून चालता झाला.

घराकडं जाताना प्रयागबाई दोन पावलं मागं चालत होती.

"तुमाले कधी कळलं?"

"काल."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू तरी कुठं बोलली?"

"तुमी जाऊ देल्लं असतं का मले, भाऊजीले दूध द्यायले?"

 घरी आल्यावर वैभवीनं काही न विचारता कॉफी केली आणि दोन घोटांचा कप त्याच्यापुढं ठेवला. कडू तर ती होतीच. त्यानं ती संपवली. "उद्यापासून पानी नको टाकू," तो बायकोला म्हणाला. "गडवा देत जाय. मी बोट नाही बुडवनार."

रविवारी सकाळी त्यानं स्वतः दूध काढलं. अर्ध्यात बोटं आकडली, पण बादली भरली. उदयसिंगनं दूध नको म्हणून निरोप धाडला, आणखी दोन घरांनीही धाडला. ते अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते वेगळंच. प्रयागबाई भिंतीपाशी गेली आणि भरलेला गडवा घेऊन परत आली.

"भाऊजी तोंडच उघडत नाही म्हनते बाई. कालची गोठ कोनीतरी त्यायच्या बाजेपाशी बसून सांगतली. तवापासून वाटी पुढं केली की 'पानी' म्हनतात अन् ओठ मिटून घेतात. रात्रीपासून पोटात काही नाही."

"धुरपतावहिनीले तं खरं मालूम हाय. सांगत काहून नाही त्याले?"

"सांगतलं तिनं. नाही बसत इस्वास." प्रयागबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "तुमच्या घरान्यात कोनाचा बसला आजपर्यंत?"

शालिग्राम ओसरीवर बसून राहिला. आपण बोललेलं एकच खोटं, आणि तेवढ्यावर मात्र त्या माणसानं चटकन विश्वास ठेवला. दुपारभर वैभवीनं यंत्र चालू केलं नाही. संध्याकाळी चांदीचं दूध काढायची वेळ झाली तेव्हा तो उठला, तिला खुंट्यावरून सोडलं, एका हातात दावं, दुसऱ्या हातात बादली घेतली आणि रस्त्याला लागला. भिंत मधे असल्यामुळं भावाच्या घरी जायला रस्त्यानं वळसा पडत होता. लोक ओट्यांवरून बघत होते. जुन्या काळी गिऱ्हाइकाचा भरवसा नसला की गवळी त्याच्या दारात म्हैस नेऊन डोळ्यांदेखत दूध काढून द्यायचा. शालिग्रामनं ही रीत कधी पाळली नव्हती. ज्याला भरवसा नाही त्यानं दुसऱ्याचं दूध घ्यावं, असं तो म्हणायचा.

धुरपताबाईनं फाटक उघडलं आणि म्हैस आत येईल एवढी बाजूला सरली. शालिग्रामनं चांदीला अंगणातल्या लिंबाला बांधलं, ओसरीवरच्या बाजेच्या अगदी समोर. बाजेवर उशांना टेकून पंजाबराव बसला होता. अर्धा चेहरा खाली ओढलेला, एक हात मांडीवर पडलेला, गालफडं आत गेलेली. भाऊ एवढासा झाला असेल असं शालिग्रामला वाटलं नव्हतं.  डोळे मात्र पंजाबरावचे पहिल्यासारखेच होते, आणि ते बादलीवर होते.

"दादा," शालिग्राम म्हणाला, "तुह्यासमोर काढतो."

पंजाबरावनं चांगला हात उचलला आणि हवेत पालथा केला. "उलटी," तो म्हणाला. शब्द जड जिभेनं कसाबसा बाहेर आला.

शालिग्रामला कळलं. त्यानं बादली उलटी केली, बुडावर दोन थापा मारल्या, आतून पदरानं पुसून दाखवायला धुरपताबाईला दिली आणि परत घेतली. एक थेंब पडला नाही. पंजाबरावनं मान हलवली. मग शालिग्राम खाली बसला, बादली गुडघ्यांत धरली आणि दुखऱ्या बोटांनी पहिली धार काढली. बादली भरेपर्यंत पंजाबरावनं तिच्यावरची नजर हलवली नाही, आणि शालिग्रामला त्याचा राग आला नाही.